औषधधारी कॅथेटर

शरीरात ठेवायच्या नळीच्या भिंतीतच जंतुनाशक किंवा प्रतिजैविक मुरवलेले असते आणि ते पुढे हळूहळू झिरपत राहते, अशा नळीला औषधधारी कॅथेटर म्हणतात.

नळी आत गेली की तिच्यावर प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्वचेवर एरवी निमूट राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस तिथे चिकटतो आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतो. हीच बायोफिल्म. ती जमली की शिरेतून कितीही औषध द्या, जंतू पुरते मरत नाहीत आणि बहुधा नळीच काढावी लागते. म्हणून पहिला जंतू चिकटतानाच औषध तिथे हजर असावे लागते.

सर्वांत समाधानकारक यश मेंदूतील शंटमध्ये दिसते. जलशीर्ष झालेल्या बाळाच्या मेंदूतले जादा पाणी पोटात उतरवणारी ही नळी जंतुसंसर्गाने काढावी लागणे म्हणजे त्या कोवळ्या जिवावर पुन्हा शस्त्रक्रिया. नॉटिंगहॅमच्या रॉजर बेस्टन यांनी सिलिकॉनची नळी क्लोरोफॉर्ममधील औषधांच्या द्रावणात फुगवली. क्लोरोफॉर्म उडून गेला, नळी मूळ आकाराला आली आणि रिफाम्पिसिन व क्लिंडामायसिन आतच राहिले. ही नळी नारिंगी दिसते. क्षयाच्या गोळ्या घेणाऱ्यांची लघवी ज्याने रंगते, तेच हे रिफाम्पिसिन. ते एकटे वापरल्यास जंतू चटकन दाद देईनासे होतात, म्हणून जोडीला दुसरे औषध. ब्रिटन व आयर्लंडमधील १६०५ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) साध्या शंटमध्ये संसर्ग ६ टक्के होता, औषधधारी शंटमध्ये २ टक्के. जंतुनाशक म्हणून चांदी असलेला शंट मात्र साध्याइतकाच ठरला.

मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत घालायच्या नळ्यांत मिनोसायक्लिन-रिफाम्पिसिन ही प्रतिजैविकांची जोडी किंवा क्लोरहेक्सिडिन-सिल्व्हर सल्फाडायझिन ही जंतुनाशकांची जोडी वापरतात. क्लोरहेक्सिडिनची तीव्र ॲलर्जी क्वचित प्राणघातक होऊ शकते, तेव्हा रुग्णाला आधी विचारलेच पाहिजे.

लघवीच्या नळीत हे गणित जमलेले नाही. आतड्यातले जंतू नळीच्या कडेने सतत वर चढत राहतात आणि झिरपलेले औषध लघवीबरोबर वाहून जाते. प्रोटियस जंतू तर युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतो, मग क्षारांचे खडे धरून नळीच तुंबते. ब्रिटनमधील ७१०२ रुग्णांच्या चाचणीत (२०१२) चांदीच्या लेपाचा फायदा दिसला नाही. नायट्रोफ्युराझोन या जंतुनाशक औषधाचा दिसला तो अगदी थोडा, आणि त्या नळीचा रुग्णांना त्रासही जास्त झाला.