'पोर्ट'चे भाईबंद

'पोर्ट' हा इंग्रजी शब्द संस्कृतातल्या 'पोत'वरून, म्हणजे जहाजावरून आला, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला पटकन पटतं. उच्चार जवळचा, विषयही समुद्राचाच. पण मधला 'र' कुठून आला? 'पोत' त्याचं उत्तर देऊ शकत नाही.

जयगडचं पोर्ट, म्हणजे बंदर, लॅटिन 'पोर्टुस'चं. मोबाइलचं चार्जिंग पोर्ट 'पोर्टा'चं, म्हणजे दरवाजाचं. पोर्ट वाइनला नाव मिळालं पोर्तुगालच्या पोर्टो शहराचं, आणि त्या नावाचा अर्थही बंदरच. जहाजाची डावी बाजू पोर्ट का? जुन्या युरोपी जहाजांचं सुकाणूचं वल्हं मागे उजव्या अंगाला असे. ते धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावत. त्या बाजूला आधी 'लार्बोर्ड' म्हणत, उजवीला 'स्टारबोर्ड'. वाऱ्यात दोन्ही हाका सारख्याच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये 'पोर्ट' सक्तीचं केलं. रात्री मिरकरवाड्यात परतणाऱ्या बोटीचा लाल दिवा याच बाजूला असतो.

खरी गंमत याच्या मुळाशी आहे. 'पोर्टुस' आणि 'पोर्टा' दोन्ही 'पेर्' या प्राचीन धातूचे, संस्कृत, लॅटिन, इंग्रजी, फारसी यांच्या समान पूर्वजभाषेतले. अर्थ, पार जाणं. आपला 'पार', पलीकडचा तीर, त्यातलाच. हा धातू कुठल्या शिलालेखात सापडलेला नाही. ज्ञात भाषांमधले बदल उलटे मोजत अभ्यासक तिथवर पोचले. हे बदल लहरीने होत नाहीत. इंग्रजीच्या जर्मानिक शाखेत शब्दारंभीच्या मूळ 'प'चा 'फ' झाला: पितृ–फादर, पाद–फूट, पशु–फी. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे सूत्र मांडलं. ते लावलं की 'पेर्'मधून इंग्रजीचे स्वतःचे शब्द निघतात: नदीचा उतार तो 'फोर्ड', भाडं ते 'फेअर'. दाभोळ–धोपावे फेरीबोटीतली 'फेरी'ही त्यातलीच.

इराणी शाखेत वेगळंच घडलं. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, 'पेरेतु' म्हणजे पूल किंवा उतार; त्याच्या काही रूपांत 'त'चा 'थ' होई. इराणीत पुढे 'र्थ'चा 'ह्ल' झाला. 'पार्थव' या जुन्या इराणी नावाचं 'पह्लव' झालं ते असंच. त्याच वाटेने मध्य फारसीत 'पुह्ल', मग 'पुल', आणि फारसीतून मराठीत 'पूल'. वाशिष्ठीवरचा पूल आणि जयगडचं पोर्ट एका मुळाचे!

म्हणून संस्कृत सगळ्या भाषांची जननी, हा फिरत राहणारा दावा टिकत नाही. 'अजति', 'दश', 'अष्ट' यांना लॅटिनमध्ये 'आगो', 'डेकेम', 'ऑक्टो' म्हणतात. संस्कृतात जिथे तिन्हीकडे 'अ', तिथे लॅटिनने अ, ए, ओ हे मूळचे तीन स्वर राखले. एकाचे तीन कुठल्या नियमाने झाले हे सांगता येत नाही. तिनाचा एक झाला हे सहज सांगता येतं. त्या दोघी बहिणी आहेत.

खाडी ओलांडणारी आपली 'तर' मात्र 'पेर्'ची नव्हे. ती 'तृ' धातूची, आणि तिचा लॅटिन सोयरा 'ट्रान्स'. 'ट्रान्सपोर्ट'मधलं 'पोर्ट', म्हणजे वाहून नेणं, पुन्हा 'पेर्'चंच. फेरीबोटीवर चढणाऱ्या टेम्पोच्या पाटीवर हे दोन्ही धातू शेजारी बसलेले असतात.