काचेची चिलीम: प्रयोगशाळेच्या ज्योतीतून घडलेली कला

अमेरिकेत काचेच्या शिल्पवत चिलमी घडवणाऱ्या कलावंताची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर आधी प्रयोगशाळेतील काचकाम पाहावे लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधकांना हवी तशी उपकरणे फुंकून देणाऱ्या कारागिरांचे आणि या कलावंतांचे साहित्य एकच आहे: बोरोसिलिकेट काचेची नळी आणि प्राणवायूवर पेटणारी ज्योत. पुण्याजवळ तळेगावात १९०८ साली सुरू झालेला पैसा फंड काच कारखाना मात्र भट्टीत वितळवलेल्या काचेपासून वस्तू घडवण्याच्या परंपरेतला. हा फरक लक्षात ठेवायला हवा.

ही बोरोसिलिकेट काच जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकसित केली आणि १९१५ पासून अमेरिकेत ती पायरेक्स या नावाने घरोघरी पोहोचली. तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण एकतृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे वस्तूचा एक भाग ज्योतीत वितळत असताना दुसरा सहसा तडकत नाही. नळीवर शिंगे, डोळे, पाकळ्या असे अवयव एकेक करून जोडता येतात, ते या गुणामुळेच. या कलेतील शिल्पाचा सारा डोलारा त्यावर उभा आहे, असे मला वाटते.

या कलेचे आद्य कलावंत मानले जाणारे बॉब स्नॉडग्रास १९७० च्या दशकात ज्योतीवरील काचकाम शिकले आणि ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या दौऱ्यांमागे फिरत आपल्या वस्तू विकत राहिले. ज्योतीत चांदी किंवा सोने तापवून त्याची वाफ काचेवर बसवण्याचे तंत्र त्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी चिलमीत आणले. वापराने आतली बाजू काळवंडली की त्या पार्श्वभूमीवर धातूचा अतिपातळ थर निळसर, सोनेरी छटांनी उठून दिसतो. पुढे ऑरेगन राज्यातील युजीन येथे स्थायिक होऊन त्यांनी शिष्य तयार केले, आणि त्यांच्या एकट्याच्या शोधाला परंपरेचे रूप आले ते या शिष्यांमुळे.

फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकी सरकारने गांजा ओढण्याच्या अशा साधनांच्या विक्रीविरुद्ध देशव्यापी कारवाई केली. विनोदी अभिनेते टॉमी चाँग यांना त्यात अशा विक्रीप्रकरणी नऊ महिन्यांची कैद झाली. कायद्याच्या या धास्तीमुळेही अनेक कलावंत टोपणनावाने काम करत राहिले. त्यांच्या कृती आज कलादालनांत मांडल्या जातात, तरी सुरुवातीच्या काळातील कोणती वस्तू कोणाची, हे बरेचदा हाताच्या वळणावरूनच ओळखावे लागते.