डोंगरातल्या घराण्याची वंशावळ: कागद कुठून आले आणि कसे वाचायचे

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. तेव्हा कितीतरी घरांत पहिल्यांदाच खापरपणजोबांच्या नावाची चौकशी झाली. भावकीत पणजोबांपर्यंतची नावं सांगणारं म्हातारं माणूस बहुधा सापडतं. त्यापुढे गाडी अडते. सह्याद्रीच्या पट्ट्यात, म्हणजे जावळी, पाटण, भोर, वेल्हे, मुळशीकडच्या वाड्यांवर, ती जरा लवकरच अडते. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे एकाच घरात तीन-तीन धोंडू निघतात. जुन्या कागदात आडनाव बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. शिवाय घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत गेलेला. अशा घराण्याचा माग नावावरून काढायला गेलं की हमखास चुकतो, जमिनीवरून काढला तर लागतो. माणसं हलली तरी शेत जागेवरच राहिलं, आणि सरकारला रस होता तो शेतात.

पेशवाईत गावचं दप्तर कुलकर्ण्याकडे असे. शेतकऱ्यांत मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकार होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपरी कराराने कसणारा. गावातली मूळ थळं, म्हणजे जमिनीचे तुकडे, कोणत्या घराण्याची, याची यादी म्हणजे थळझाडा. दुष्काळात किंवा धामधुमीत जे घराणं नाहीसं झालं, त्याची जमीन ‘गतकुळ’ म्हणून लागे. आपलं घराणं गतकुळ जमिनीवर आलेलं दिसलं, तर मूळगाव दुसरीकडे शोधायचं हे ठरलं. वतनदार देशमुख-पाटलांचं काम सोपं असतं. वतनाच्या तंट्यात महजर (निवाडापत्रं) आणि करीने (हकिकती) लिहिले जात, त्यांत पिढ्या ओळीने येतात. इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशननेही १८५२ च्या कायद्याखाली इनामदारांकडून वंशावळी मागवल्या होत्या. हे कागद पुण्याच्या अभिलेखागारात पाहायला मिळतात. साध्या कुळाला मात्र थळझाड्यात एक ओळ मिळाली तरी पुष्कळ. गुरांमागे फिरणारा गवळी-धनगर तर त्यातही क्वचितच सापडतो.

हे सगळं मोडीत आहे. मोडीत आधी पानभर रेघ ओढून मग अक्षरं तिला लटकवतात, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते दिसत नाही. ऱ्हस्व-दीर्घही पाळलेलं नसतं. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हे दोन शब्द ओळखता आले की निम्मं काम होतं. साल बहुधा सुहूर सनात आणि तेही अरबी शब्दांत असतं. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७७. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. म्हणून जून ते डिसेंबरच्या नोंदीला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेच्या नोंदीला ६००. म्हणजे ११७७ हे १७७६-७७ झालं. फसली, म्हणजे महसुली, सनाला ५९० किंवा ५९१ मिळवतात. सुहूर आणि फसली यांची गल्लत झाली की पिढी नऊ वर्षांनी सरकते आणि बापलेकांच्या वयाचा मेळ बसत नाही.

इंग्रजी अमलात इंदापूर तालुक्यात १८३६ पासून नव्या पद्धतीची मोजणी सुरू झाली, ती पुढे बाकीच्या मुलखात पसरली आणि शेताला सर्व्हे नंबर मिळाले. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, आणि खरी सोय झाली ती इथून पुढे. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ (जुन्या उताऱ्यावर वर्तुळात) जे आकडे असतात, ते फेरफार क्रमांक, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचे क्रमांक. कमी झालेलं नाव जुन्या उताऱ्यावर कंसात असे, आता त्यावर आडवी रेघ असते. त्या क्रमांकाचा फेरफार काढला की वारसनोंद मिळते: अमका खातेदार अमक्या तारखेला मयत, वारस मुलगे इतके, विधवा अमुक. त्यातून वडिलांच्या नावाचा जुना फेरफार, त्यातून आजोबांचा. एकेक पायरी उतरायची, मधली गाळायची नाही. काही गावांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असतो. धाकट्या भावांची नावं त्याच्या आड दडलेली असतात, ती वाटणीच्या फेरफारात सापडतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा, म्हणजे सज्ञान न झालेल्या मुलाचा, पालनकर्ता. त्याला बाप समजण्याची चूक फार जण करतात, कारण बरेचदा तो चुलता असतो.

साखळी तुटण्याची मोठी जागा म्हणजे जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण. १९४७ च्या कायद्याने जिथे योजना राबवली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तिथे आधी एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून गटाचा जुना सर्व्हे नंबर काढावा लागतो. दुसरी जागा धरणाची. कोयनेच्या पाण्यात गाव गेलेल्या घराचा नव्या गावातला सातबारा जमीन वाटपापासूनच सुरू होतो. आधीचा दुवा भूसंपादनाच्या निवाड्यात असतो, तो मागवावा.

जमिनीच्या कागदाला जोड गाव नमुना १४ ची, म्हणजे कोतवाल बुकाची. त्यात जन्म-मृत्यू असतात, पण तान्ह्या बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख १ जून दिसली, तर ती गुरुजींनी दाखल्यापुरती घातलेली असण्याचीच शक्यता जास्त. नावंही नीट वाचावीत. दगडू, धोंडू, कचरू अशी नावं आधीची मुलं दगावलेल्या घरात ठेवत. असं नाव दिसलं की मृत्यूंच्या नोंदीत मागची पाच-दहा वर्षं चाळावीत.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी सांगत येतात. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावं गावासकट असतात. दोन्ही मोलाचं, पण फेरफाराशी दोन-तीन नावं जुळल्याशिवाय पुढची धरू नयेत. एखाद्या राजघराण्याशी थेट नातं सांगणारी वंशावळ मधल्या पिढ्यांचा कागद नसेल तर बाजूला ठेवावी. साधा ताळा असा: शंभर वर्षांत तीन ते चार पिढ्या. बापलेकात पंधरापेक्षा कमी किंवा साठपेक्षा जास्त वर्षं निघाली, तर एकतर माणूस सुटला आहे किंवा दोन धोंडू एक झाले आहेत.

या कागदांत सगळ्यात जास्त सुटतात त्या बायका. विधवा ‘कोम’ म्हणून येते, तिचं माहेर कुठेच नसतं. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर लेकींची नावं वारसनोंदीत येऊ लागली, आणि त्यानंतर लगेच हक्कसोडपत्रंही. त्या पत्रात लेकीचं सासरचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. कुठली लेक कुठल्या गावी दिली हे तिथेच कळतं, म्हणून नकलेच्या अर्जात हक्कसोडीचे फेरफारही आठवणीने लिहावेत.