अलामोसाचे मास्तर : डोंगरावरच्या सरावामागची पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ पासून सरावासाठी अमेरिकेत जाऊ लागला आणि मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे नाव अधूनमधून दिसू लागलं. त्या वर्षी मे महिन्यात त्याने बहादूर प्रसाद यांचा ५००० मीटरचा तीस वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत) ८ मिनिटं ११.२० सेकंद अशी वेळ देत रौप्यपदक घेतलं. सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकलं. त्याचे तिथले प्रशिक्षक स्कॉट सिमन्स. त्यांची आधीची कारकीर्दही कॉलेजच्या मुलांना धावायला शिकवण्यातच गेली होती. बातमीत ‘उंचावरचा सराव’ एवढं लिहिलं की काम भागतं. पण सराव कोलोरॅडोतच का, आणि तो कॉलेजच्या कोचच्या हाताखाली का, हे समजून घ्यायचं तर कोलोरॅडो स्प्रिंग्जपासून अडीचशेएक किलोमीटर नैर्ऋत्येला, अलामोसा नावाच्या छोट्या गावापर्यंत आणि तिथले धावण्याचे प्रशिक्षक जो विहिल यांच्यापर्यंत जावं लागतं.

सान लुईस खोऱ्यातलं हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच टोक अलामोसाच्या बाजारपेठेपेक्षाही साडेसहाशे मीटर खाली. दोन्ही बाजूंना डोंगररांगा, मधे सपाट कोरडी जमीन, बटाट्याची शेती, आणि हिवाळ्यात उणे तीसपर्यंत उतरणारा पारा. कोलोरॅडो हे राज्य होण्याआधीपासून इथे स्पॅनिश बोलणारी कुटुंबं राहतात. पैशाच्या बाबतीत हा भाग राज्यात कायम मागेच राहिला. शाळांसाठी शिक्षक तयार करायला १९२१ साली इथे एक कॉलेज स्थापन झालं, ते ॲडम्स स्टेट. जो विहिल यांचा जन्म १९२९ चा, याच खोऱ्यातला. आईने एकटीने वाढवलेला मुलगा. कॉलेजात ते फुटबॉल खेळले, तेही अमेरिकन पद्धतीचं, धक्काबुक्कीचं. लांब पल्ल्याच्या धावण्यातले पुढचे गुरू स्वतः धावपटू म्हणून कधी गाजले नव्हते. शिक्षण संपल्यावर गावातल्याच हायस्कुलात दशकभराहून अधिक काळ त्यांनी शिकवलं, मुलांना पळवलं आणि १९६५ मध्ये ते ॲडम्स स्टेटमध्ये प्रशिक्षक म्हणून रुजू झाले.

अमेरिकेत कॉलेजच्या कोचला एवढं महत्त्व का, हे आपल्याकडच्या वाचकाला चटकन उमगत नाही. आपल्या कॉलेजात क्रीडा संचालक एक असतो आणि त्याच्याच गळ्यात कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ आणि आंतरविद्यापीठ क्रॉस कंट्रीचा (माळरानावरच्या लांब शर्यतीचा) संघ असं सगळं असतं. अमेरिकेत ॲथलेटिक्सचा मुख्य कारखाना कॉलेजं हाच आहे. तिथे केंद्र सरकारचं क्रीडा मंत्रालय नाही. शिष्यवृत्ती देऊन धावपटू आणायचा, त्याचा अभ्यास सांभाळायचा, चार वर्षं घडवायचा आणि पदवीसकट बाहेर सोडायचा, हे सारं कोचचं काम. त्यात वर्षाचे तीन हंगाम : शरद ऋतूत क्रॉस कंट्री, हिवाळ्यात छपराखालचा ट्रॅक, वसंतात मैदानावरचा. लांब पल्ल्याचा धावपटू तिन्हींत लागतो. कॉलेजला स्पर्धेतले गुण हवे असतात, मुलाच्या पायांना विश्रांती हवी असते, आणि या ओढाताणीत कोचची खरी पारख होते.

या व्यवस्थेने फार वेगवेगळ्या धाटणीची माणसं घडवली. व्हिलानोव्हाचे जम्बो एलियट बांधकामाच्या यंत्रांचा धंदा सांभाळून कोचिंग करायचे, आणि त्यांच्या हाताखालच्या रॉन डेलानीने १९५६ मध्ये आयर्लंडसाठी १५०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण आणलं. ओरेगॉनचे बिल बॉवरमन १९६२ च्या अखेरीस न्यूझीलंडला गेले, तिथले धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांची पद्धत पाहून आले, आणि एका माजी विद्यार्थ्याबरोबर त्यांनी बुटांची जी कंपनी काढली तिची पुढे नायकी झाली. आर्कान्सासचे जॉन मॅकडॉनेल आयर्लंडच्या मेयो परगण्यातून आलेले, सोबत गुरांचा गोठाही सांभाळणारे. २००८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी चाळीसवर राष्ट्रीय अजिंक्यपदं जमवली. त्यांतली २००४ आणि २००५ ची मैदानी अजिंक्यपदं नंतर रद्द झाली, कारण एका सहायक प्रशिक्षकाने भरतीचे नियम मोडल्याचं निघालं. मोठ्या कॉलेजातल्या कोचच्या नोकरीत हीही बाजू असते.

विहिल यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मोठं स्टेडियम नाही, परदेशी मुलं आणायला पैसा नाही, टीव्हीवर झळकणारं नाव नाही. होती ती उंची, आणि तिचा उपयोग काय हे १९६५ मध्ये कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

तो प्रश्न ऐरणीवर आणला मेक्सिको सिटीने. १९६८ चं ऑलिंपिक २२४० मीटर उंचीवर होणार होतं. अमेरिकेच्या मॅरेथॉन संघाची निवड चाचणी अलामोसात ठेवली गेली, कारण उंची जवळपास तेवढीच. ऑगस्ट १९६८ मध्ये शंभरावर धावपटू या गावाच्या रस्त्यांवर फेऱ्या मारत पळाले. जॉर्ज यंग पहिला आला, केनी मूर दुसरा, रॉन डॉज तिसरा. ही चाचणी गावात आणण्यात आणि पार पाडण्यात विहिल यांचा हात होता. त्याहून मोठी गोष्ट अशी की देशातले उत्तम धावपटू विरळ हवेत कसे वागतात, हे त्यांना घरबसल्या पाहायला मिळालं. ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोत १५०० मीटरपासून मॅरेथॉनपर्यंतच्या पाचही शर्यती आफ्रिकी धावपटूंनी जिंकल्या. केनियाच्या किप्चोगे कीनोने जागतिक विक्रमवीर जिम रायनला बरंच मागे टाकलं. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क १०,००० मीटरनंतर बेशुद्ध होऊन पडला. उंची म्हणजे केवळ गैरसोय असं मानणाऱ्या कोच मंडळींना त्या पंधरवड्यानंतर आपलं मत पुन्हा तपासून पाहणं भागच होतं.

उंचीवर हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण बदलत नाही, तिथेही ते २१ टक्केच असतं. कमी होतो तो दाब, आणि अलामोसाच्या उंचीवर तो सुमारे चौथ्या हिश्शाने कमी असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासातून रक्तात जाणारा प्राणवायू घटतो. मूत्रपिंडं ही टंचाई ओळखतात आणि एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात. तीन-चार आठवड्यांत तांबड्या पेशी वाढू लागतात. ऐकायला हे फुकटचं टॉनिक वाटतं. पण त्याच विरळ हवेत धावपटूला आपल्या शर्यतीच्या वेगाने सराव करता येत नाही. दम तुटतो, विश्रांती लांबवावी लागते, आणि महिनोन्‌महिने हळूच पळत राहिलं तर पाय वेग विसरतात. या पेचावर ‘राहा वर, पळा खाली’ हा तोडगा लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजमापासह मांडला. विहिल यांची कॉलेजमधली कारकीर्द तोपर्यंत संपलीही होती. त्यांची मुलं वरच राहत आणि वरच पळत. म्हणजे सगळा हिशोब रोजच्या सरावाच्या आखणीतच बसवावा लागे.

त्यासाठी हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. कोचिंगची नोकरी चालू असताना न्यू मेक्सिको विद्यापीठातून त्यांनी व्यायामशरीरशास्त्रात डॉक्टरेट घेतली. त्या काळात कॉलेजचा कोच म्हणजे हातात घड्याळ आणि गळ्यात शिट्टी. प्राणवायू ग्रहणक्षमता मोजणारा, एका धावपटूची चार-चार वर्षांची आखणी लिहून ठेवणारा, वर्गात तोच विषय शिकवणारा कोच दुर्मीळ होता. विहिल यांचं सर्वांत मोठं काम मला हेच वाटतं. उंच गावं जगात हजारो आहेत. ला पाझ तर अलामोसापेक्षाही कितीतरी उंच. त्या उंचीचा अभ्यासक्रम करणारा आणि एका जागी २८ वर्षं चिकाटीने राहणारा मास्तर मात्र अलामोसाला मिळाला. आणि कोरड्या आकड्यांचा माणूस म्हणावं तर तेही नाही. झोप, जेवण, स्वभाव, सोबत्यांशी वागणूक, कृतज्ञता यांवर ते सरावाइतकाच वेळ घालवत. त्यांच्या धावपटूंना आजही त्या गप्पा आठवतात.

याचं फळ क्रॉस कंट्रीत दिसलं. या शर्यतीत प्रत्येक संघाचे सात जण पळतात, पहिल्या पाचांचे क्रमांक बेरजेला धरतात, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. एकटा तारा असून भागत नाही. पाचवा गडी चाळिसावा आला की संघ बुडाला. १९९२ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ॲडम्स स्टेटच्या पुरुषांनी पहिले पाचही क्रमांक घेतले. एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच, पंधरा. याहून कमी बेरीज होऊच शकत नाही. पहिला आलेला फिलिप कॅस्टिलो न्यू मेक्सिकोतल्या अकोमा पुएब्लो या मूलनिवासी समाजातला. ॲडम्स स्टेटमध्ये विहिल यांनी एकूण १९ राष्ट्रीय सांघिक अजिंक्यपदं मिळवून दिली. त्यांतली बरीचशी एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या संघटनेतली, आणि म्हणून मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही.

दखल घ्यायला लावली ती पॅट पोर्टरने. मोठ्या विद्यापीठांनी ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही असा हा उंच, काटकुळा मुलगा अलामोसात घडला. १९८२ ते १९८९ अशी सलग आठ वर्षं अमेरिकेचं राष्ट्रीय क्रॉस कंट्री अजिंक्यपद त्याने कोणाला मिळू दिलं नाही. १९८४ आणि १९८८ अशी दोन ऑलिंपिकही तो धावला. १९८८ ला सोलमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचे प्रशिक्षक विहिलच होते. पोर्टर पुढे २०१२ मध्ये विमान अपघातात गेला, सोबत त्याचा मुलगाही.

१९९३ मध्ये विहिल यांनी कॉलेज सोडलं. इतर बहुतेकांची कारकीर्द जिथे संपते तिथून यांची दुसरी सुरू झाली. तेव्हा अमेरिकेचं लांब पल्ल्याचं धावणं रसातळाला जात होतं. कॉलेज संपलं की बावीस-तेवीस वर्षांच्या धावपटूला ना संघ, ना कोच, ना पगार. मॅरेथॉनपटू तर तिशीच्या आसपास पिकतो. मधल्या वर्षांत त्याला सांभाळणारं कोणी नव्हतं. १९९६ मध्ये आर्कान्सासची पदवीधर डीना ड्रॉसिन, लग्नानंतरची डीना कॅस्टर, धावणं सोडावं की काय अशा मनःस्थितीत अलामोसाला आली. विहिल यांच्या तालमीत ती २००२ आणि २००३ अशी दोनदा जागतिक क्रॉस कंट्रीत दुसरी आली.

दुरवस्था किती होती ते सिडनीने दाखवलं. २००० च्या ऑलिंपिकला अमेरिकेचा मॅरेथॉनमध्ये एकच पुरुष आणि एकच स्त्री जाऊ शकली, कारण बाकीच्यांना पात्रतेची वेळच गाठता आली नव्हती. पुरुषांच्या चाचणीत दुसरा आलेला पीटर दे ला सेर्दा हा ॲडम्स स्टेटचाच जुना विद्यार्थी, तो घरी राहिला. पुढच्या वर्षी विहिल आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचे निवृत्त प्रशिक्षक बॉब लार्सन यांनी कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्स इथे, सुमारे २४०० मीटरवर, पदवीनंतरच्या धावपटूंचा संघ उभा केला. दोन निवृत्त मास्तरांचा हा खटाटोप होता. तीन वर्षांत त्याचं फळ आलं. ऑगस्ट २००४ मध्ये अथेन्सच्या भाजून काढणाऱ्या उन्हात कॅस्टर सुरुवातीला मुद्दाम मागे राहिली, एकेकीला गाठत गेली आणि तिसरी आली. विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफ ३६ किलोमीटरच्या आसपास रस्त्याकडेला थांबली होती. आठवड्याने लार्सन यांचा शिष्य मेब केफ्लेझिगी पुरुषांत दुसरा आला. अमेरिकेच्या महिलांना मॅरेथॉनचं पदक वीस वर्षांनी मिळालं, पुरुषांना अठ्ठावीस वर्षांनी.

पदवीनंतर उंचीवर एकत्र राहून एका कोचच्या हाताखाली वर्षानुवर्षं पळणारे गट आज अमेरिकेत अनेक आहेत. कोलोरॅडो स्प्रिंग्जचा सिमन्स यांचा गट त्यांतलाच. तिथे अमेरिकी लष्करातले धावपटू साबळेच्या शेजारी पळत, आणि साबळे स्वतः महार रेजिमेंटचा जवान. आपल्याकडे उंची नाही असं नाही. उटी मेक्सिको सिटीएवढंच उंच आहे. साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर रिओच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत दहावी आली, त्यामागे उटीची शिबिरं होती. फरक शिबिर आणि वस्ती यांत आहे. शिबिर स्पर्धेच्या तारखेला बांधलेलं असतं. स्पर्धा संपली की धावपटू आपापल्या युनिटला, रेल्वेच्या नोकरीवर किंवा गावी परततो, आणि पुढच्या वेळी कोच वेगळा असू शकतो.

विहिल ऐंशी ओलांडल्यावरही थांबले नाहीत. मॅरेथॉनच्या या माणसाने ८०० मीटरची ब्रेंडा मार्टिनेझ हाताशी घेतली. २०१३ च्या मॉस्को जागतिक स्पर्धेत ती तिसरी आली, आणि पुढे दुसरी आलेली रशियन धावपटू उत्तेजकांमुळे बाद झाल्यावर तिला रौप्य मिळालं. विहिल २०२५ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेले. ॲडम्स स्टेटचा संघ त्यांच्यानंतर त्यांच्याच एका धावपटूने, डेमन मार्टिनने, हाती घेतला आणि राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवणं चालू ठेवलं.