आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण

पेटंटच्या दस्तऐवजांची तंत्रज्ञानाच्या विषयानुसार विभागणी करणारी संकेतपद्धती. 'आयपीसी' या लघुनामाने ती ओळखली जाते. १९७१ च्या स्ट्रासबर्ग कराराने तिचा पाया घातला व १९७५ मध्ये तो करार अमलात आला. जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटना तिचे काम पाहते.

अशा पद्धतीची गरज हळदीच्या उदाहरणावरून चटकन लक्षात येते. हळद, हरिद्रा, टर्मरिक, कुर्कुमा लोंगा, जपानीत उकोन, वनस्पती एकच. नुसत्या शब्दावर शोध घेतला तर यांतले पुष्कळ निसटते. त्यातच पेटंटच्या अर्जांची भाषा मुद्दाम ऐसपैस ठेवलेली असते. साधी बाटली तिथे 'द्रव साठवण्याचे पात्र' होते. संकेत मात्र कोणत्याही भाषेतील दस्तऐवजावर तोच राहतो.

हळदीचा संकेत ए६१के ३६/९०६६ असा आहे. 'ए' हा आठ विभागांपैकी पहिला, मानवी गरजांचा. ६१ हा वैद्यक व आरोग्याचा वर्ग, 'के' हा औषधी व प्रसाधनांचा उपवर्ग, ३६ हा वनस्पतींपासून केलेल्या औषधांचा गट आणि ९०६६ म्हणजे हळदीची प्रजाती. उपगटांची उतरंड अंकांवरून ठरत नाही, तर कोष्टकात शीर्षकाआधी दिलेल्या टिंबांवरून ठरते. नवखे शोधक इथेच हमखास चुकतात.

या गटामागे भारताचा मोठा वाटा आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, गोव्यात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले. जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले पुरावे मांडल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. जे आपल्या घराघरांत ठाऊक होते, ते परीक्षकाला सापडेल अशा जागी नव्हते. पुढे पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहिला. आयपीसीत औषधी वनस्पतींसाठी पूर्वी एकच उपगट होता. २००६ च्या आवृत्तीत ३६ हा गट आला आणि त्यात सुमारे २०० उपगट झाले.

शोध घेताना आधी शब्दांनी दोन-चार जुळणारे दस्तऐवज मिळवावेत, त्यांवरचे संकेत टिपावेत आणि मग त्या संकेतांनीच पुन्हा शोधावे. एका दस्तऐवजावर अनेक संकेत असू शकतात. हळदीचा संकेत आणि जखमांवरील उपचारांचा ए६१पी १७/०२ एकत्र दिले, की ढीग झपाट्याने आटोक्यात येतो. पेटंटस्कोप व एस्पेसनेट या संकेतस्थळांवर हे विनामूल्य करता येते. युरोप व अमेरिकेच्या पेटंट कार्यालयांनी २०१३ पासून आयपीसीवरच बेतलेली, पण कितीतरी बारीक 'सीपीसी' ही पद्धत चालवली आहे. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होत असल्याने अगदी अलीकडचे अर्ज कोणत्याच शोधात दिसत नाहीत.