घरगुती सौंदर्य-इंजेक्शने

ओठ भरीव करणे, कपाळावरच्या आठ्या घालवणे, रंग उजळणे किंवा हनुवटीखालची चरबी उतरवणे यांसाठीची इंजेक्शने ऑनलाइन मागवून, डॉक्टरांकडे न जाता, स्वतःच्या हाताने अथवा एखाद्या मैत्रिणीच्या वा पार्लरवालीच्या हातून टोचून घेण्याची प्रथा. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा खान्देश समोर ठेवून केला आहे, कारण इथला उन्हाळा आणि इथली अंतरे मुळातल्या धोक्यात मोठी भर घालतात.

या इंजेक्शनांपैकी सर्वांत परिचित नाव बोटॉक्सचे. ते एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव असले तरी बोलण्यात या जातीच्या सगळ्याच औषधांसाठी वापरले जाते. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जीवाणूपासून मिळणारे हे विष मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन या द्रव्याचा स्राव थांबवते, त्यामुळे स्नायू सैल पडतो आणि त्यावरची आठी मिटते. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांचे आकुंचन यांवरील उपचारासाठी त्याला मान्यता मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ मधली. परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. हेच विष नेमलेल्या स्नायूपलीकडे पसरले तर पापणी खाली येते, एकाची दोन चित्रे दिसू लागतात, जीभ जड होते, घास गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. हा बोटुलिझम होय. प्रतिविष लवकर दिले तर तो पुढे वाढत नाही, पण जे स्नायू आधीच लुळे पडले आहेत ते त्याने लगेच सुधारत नाहीत. रुग्णाला कित्येक आठवडे कृत्रिम श्वासावर ठेवावे लागू शकते.

न उघडलेली कुपी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. खान्देशात मे महिन्यात भुसावळ-जळगावकडचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. थर्माकोलच्या डब्यात एक जेल-पॅक घालून निघालेले पार्सल गोदाम, गाडी आणि पत्र्याच्या शेडखालचे कुरिअर ऑफिस असा प्रवास करून तालुक्याच्या गावी पोहोचते, तेव्हा पॅक कोमट पाण्याची पिशवी झालेला असतो आणि कुपीवरचे लेबल घामेजून सुटलेले असते. उष्णतेने विषातले प्रथिन मोडते, म्हणून पहिली कुपी पुष्कळदा काहीच काम करीत नाही. खरा घात त्यानंतर होतो. ‘माल कच्चा निघाला’ असे समजून मात्रा वाढवली जाते, आणि दुसऱ्या विक्रेत्याची कुपी पूर्ण ताकदीची निघाली तर त्याच वाढीव मात्रेने टोचली जाते.

मात्रेचा घोळ आणखी एका ठिकाणी होतो. कुपीतली भुकटी सलाइनमध्ये विरघळवून घ्यावी लागते आणि घरी हाताशी असते ती मधुमेहाच्या रुग्णाची इन्सुलिनची सिरिंज. तिच्यावरचे आकडे इन्सुलिनच्या युनिटांचे असतात, या विषाच्या युनिटांचे नव्हेत. भारतात सर्रास मिळणाऱ्या लाल टोपणाच्या सिरिंजवर एका मिलिलिटरला चाळीस खुणा असतात. शंभर युनिटांची कुपी एक मिलिलिटरमध्ये विरघळवून या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत द्रव ओढला, तर हातात दहा नव्हे, पंचवीस युनिटे येतात. त्यातही एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाच्या बरोबरीचे नसते. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त सुई आत जाणारा क्षण.

या धोक्याची नोंद झालेली उदाहरणे आहेत. २००४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात माणसांवर वापरण्याचा परवाना नसलेले, अतितीव्र बोटुलिनम विष टोचल्यामुळे चार जणांचे स्नायू गंभीरपणे लुळे पडले आणि त्यांना श्वासयंत्रावर ठेवावे लागले. त्याच देशात २०२४ च्या वसंतात नकली किंवा नीट न हाताळलेल्या इंजेक्शनांनी बाधित झालेल्या बावीस व्यक्ती अकरा राज्यांत आढळल्या आणि त्यांतल्या निम्म्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. इंग्लंडमध्ये जून-जुलै २०२५ मध्ये अशा इंजेक्शनांशी निगडित बोटुलिझमचे अडतीस रुग्ण नोंदले गेले.

फिलरचा धोका वेगळ्या जातीचा आहे आणि माझ्या मते घरगुती वापरात तोच सर्वांत भयंकर आहे. ओठ, गाल किंवा नाक भरण्यासाठी वापरला जाणारा फिलर बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचा घट्ट जेल असतो. सुईचे टोक रोहिणीत शिरले आणि जेल आत गेला, तर रक्ताची वाट बुजते. भुवयांमधला भाग आणि नाक या जागा त्या दृष्टीने फार जोखमीच्या, कारण तिथल्या रोहिण्या डोळ्याच्या रोहिणीशी जोडलेल्या असतात. दाबाने मागे ढकललेला जेल नेत्रपटलापर्यंत पोहोचतो आणि दृष्टी जाते. रक्ताविना नेत्रपटल साधारण साठ ते नव्वद मिनिटेच तग धरते. धडगावहून चांदसैली घाट उतरून नंदुरबार गाठेपर्यंत ही मुदत संपून गेलेली असते.

ओठातली वाट बुजली तर खूण निराळी दिसते. टोचल्यावर काही क्षणांत ओठाचा तुकडा पांढराफटक पडतो, नंतर त्यावर आणि वरच्या कातडीवर जांभळट जाळी उमटते. बोटाने दाबून सोडले तर रंग सावकाश परततो किंवा परततच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक पुटकुळ्या येतात आणि मग काळी खपली धरते. घरी या अवस्थेला ‘तोंड आले’ किंवा ‘ॲलर्जी झाली’ असे समजून बर्फ लावला जातो, आणि बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर विरघळवणारे हायल्युरोनिडेज हे औषध आहे, आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या भुलीत वापरले जात असल्याने ते नेत्रविभागात मिळण्याची शक्यता असते. मात्र बाटलीत सिलिकोन असेल तर हे औषध निरुपयोगी ठरते; सिलिकोन शरीरातून काढता येत नाही, गाठी धरते, आणि रक्तात गेले तर फुप्फुसापर्यंत जाते. ऑनलाइन आलेल्या कोरियन अक्षरांच्या सिरिंजमध्ये नेमके काय आहे हे टोचणाऱ्यालाही माहीत नसते, ही या सगळ्या प्रकारातली मुख्य अडचण आहे. सुई नसलेली, दाबाने जेल आत सोडणारी पेनेही याच बाजारात मिळतात. ती निर्धोक असल्याचा समज चुकीचा आहे, आणि अमेरिकी औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये फिलरसाठी ती वापरू नयेत असे बजावले आहे.

खान्देशात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे लग्नसराई ऐन भरात असते आणि त्याच दिवसांत ‘गोरेपणाचे इंजेक्शन’ घेण्याचा मोह वाढतो. हे बहुधा ग्लुटाथायोन असते. हे द्रव्य आपल्या पेशींत मुळातच असते आणि रंगद्रव्याच्या निर्मितीत ढवळाढवळ करते हे खरे. परंतु शिरेतून दिल्याने रंग टिकाऊपणे उजळतो याला भक्कम पुरावा नाही, आणि भारतात त्याच्या इंजेक्शनाला मान्यता आहे ती यकृताच्या विकारांसाठी, गोरेपणासाठी नव्हे. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने या वापराविरुद्ध जाहीर इशारा देताना मूत्रपिंड व थायरॉइडचे बिघाड आणि त्वचा सोलून निघणारी जीवघेणी प्रतिक्रिया यांचा उल्लेख केला आहे. घरी पलंगाच्या खांबाला बाटली टांगून सलाइनमधून ते सोडले जाते, तेव्हा अचानक रक्तदाब कोसळला तर तो सावरणारे ॲड्रेनालिन हे औषध देणारे शेजारी कोणी नसते. सावळा रंग हा दोष नाही, हे इथे स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्या मुलीला लग्नाआधी ही बाटली लावली जाते, तिची ती मागणी पुष्कळदा स्वतःची नसतेच.

चरबी विरघळवणाऱ्या इंजेक्शनांनी त्वचा जळते आणि जबड्याच्या कडेचा मज्जातंतू दुखावला तर हसताना तोंड वाकडे होते. एकच सुई दोघींनी वापरल्यास हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. अस्वच्छ पाण्यातून शिरणारे, क्षयाच्या कुळातले काही जंतू तर कित्येक आठवड्यांनी गाठी उठवतात आणि त्यांच्यावर महिनोन्महिने औषधे घ्यावी लागतात.

कायदा याबाबत मोघम नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार परवान्याशिवाय औषध विकणे हा गुन्हा आहे, आणि फिलर हे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत येतात. आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक असावाच लागतो. जळगावच्या सराफ बाजारात हॉलमार्क पाहिल्याशिवाय अंगठी न घेणारे गिऱ्हाईक हा क्रमांक मात्र क्वचितच शोधते. वैद्यकीय नोंदणी नसलेल्या व्यक्तीने डॉक्टरी करणे महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमानुसार दंडनीय आहे. पार्लरचा परवाना किंवा ब्यूटी कोर्सचे प्रमाणपत्र ही नोंदणी ठरत नाही. तरीही हा व्यवहार मेसेजवर ठरतो आणि कॅश ऑन डिलिव्हरीने पुरा होतो, त्यामुळे विक्रेत्याचा माग लावणे अवघड जाते.

इंजेक्शन घेतल्यावर डोळ्यांच्या दृष्टीत फरक पडला, ओठ वा नाक पांढरे किंवा जांभळे झाले, गिळायला त्रास होऊ लागला किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि धुळे, जळगाव किंवा नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. लाजेपोटी ‘मधमाशी चावली’ असे सांगितले तर डॉक्टर सुजेवरची औषधे देतात आणि रक्तवाहिनी मोकळी करण्याची वेळ निघून जाते. काय टोचले, किती वाजता टोचले आणि कुठे टोचले, या तीन गोष्टी दारातच सांगाव्यात. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतःही करता येते. रिकामी कुपी, सिरिंज, खोका आणि कुरिअरची पावती कचऱ्यात न टाकता पिशवीत घालून बरोबर न्यावी; आत काय होते हे समजण्याचा त्या क्षणी बहुधा तोच एक मार्ग उरलेला असतो.