ससा गवत खात नाही? आधी खाऊचं बघू

“गवत खराब निघालं, बदलून द्या.” असा फोन आमच्या दुकानात वरचेवर येतो. पिशवी परत येते, आम्ही उघडून वास घेतो, काड्या मोडून बघतो. गवत चांगलं असतं. मग आम्ही विचारतो, काल दिवसभरात घरात कोणी कोणी सशाला काय काय दिलं? “विशेष काही नाही,” हे ठरलेलं उत्तर. जरा खोदून विचारलं की यादी निघते: सकाळी आजोबांच्या चहाबरोबर अर्धं बिस्किट, दुपारी पोळीचा तुकडा, मुलगी शाळेतून आल्यावर तिच्या हातचं गाजर, रात्री सफरचंदाची फोड. प्रत्येकानं एकदाच दिलेलं असतं आणि बाकीच्यांनी काय दिलं ते कोणालाच माहीत नसतं. दोन किलोच्या सशाचं पोट एवढ्यानं भरतं. मग तो गवताकडे बघेल कशाला?

ससे आणि गिनी पिग पाळणाऱ्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक त्यासाठीच आहे. खाऊ बंद करा असं आमचं म्हणणं नाही. कोणता, किती आणि कशाच्या बदल्यात, एवढंच बघायचं आहे.

गवतावर एवढा जोर का

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात. ते झिजतात ते गवत चावून चावून. बिस्किट दोन चाव्यांत विरघळतं, त्यानं काही झिजत नाही. दाढा वाढून त्यांच्या कडा जिभेला आणि गालाला टोचायला लागल्या की ससा भूक असूनही खात नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. सशाचं आतडं सतत हलतं राहायला लागतं आणि त्याला हलतं ठेवतो तो गवताचा चोथा. पीठ आणि साखर जास्त झाली की आतड्यातले उपयोगी जंतू बिघडतात, गॅस धरतो, हालचाल मंदावते. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं आतच राहतं. म्हणून रोजच्या खाण्यात 80 टक्क्यांच्या वर गवत हवं. रोज सशाच्या स्वतःच्या आकाराएवढा ढीग समोर असला की हिशोब बरोबर बसतो.

पोट ठीक आहे का ते लेंड्यांवरून कळतं. चांगली लेंडी मोठी, गोल, कोरडी आणि पिवळट तपकिरी असते. बोटांनी फोडली तर आत गवताचे धागे दिसतात. लेंड्या बारीक, काळपट, कडक झाल्या म्हणजे चोथा कमी पडतोय. द्राक्षाच्या घडासारख्या मऊ, चकचकीत गोळ्या ससा एरवी थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. ते नैसर्गिक आहे, त्याला मारू नका. पण त्याच गोळ्या पिंजऱ्यात पडून चिकटलेल्या दिसायला लागल्या तर गोड किंवा पिठूळ काहीतरी जास्त होतंय असं समजा.

गाजराबद्दल

यावर वाद घालून आम्ही थकलो आहोत. चित्रातला ससा गाजर खातो म्हणून घरातल्या सशाला रोज अख्खं गाजर. गाजर विष नाही, पण त्यात 100 ग्रॅममागे जवळजवळ 5 ग्रॅम साखर असते. केळ्यात तर 12. गाजराची एक पातळ चकती, आठवड्यातून दोनदा, एवढं पुरे. आणि गाजराचा पाला, जो भाजीवाला तोडून फेकतो, तो मागून घ्या. सशासाठी खरी मेजवानी तीच.

फळ द्यायचं तर अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. सफरचंदाच्या बिया काढून टाका.

मनसोक्त लाड करायचे असतील तर कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला द्या. पालक अधूनमधून, रोज नको. गणपतीत उरलेल्या दूर्वा आणि जास्वंदीची फुलं फेकू नका, दोन्ही ससे आवडीनं खातात. फक्त हळदकुंकू लागलेलं देऊ नका. बाजारातल्या गुलाबावर फवारणी असते, तो टाळा. पेरूची किंवा तुतीची कोवळी डहाळी पानांसकट दिली तर ससा तासभर गुंतून राहतो.

कांदा, लसूण, चॉकलेट, अळूचं कच्चं पान, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला अजिबात नको. ससा बाल्कनीत मोकळा सोडत असाल तर कुंडीतली कण्हेर आधी हलवा. तिचं पानसुद्धा जिवावर बेतू शकतं. पोळी, भाकरी, पाव, चुरमुरे, पोहे, शेंगदाणे, दही यांतलं काहीही सशाच्या पोटासाठी नाही, कितीही चिमूटभर असलं तरी.

गिनी पिगचं वेगळं

गिनी पिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. ते बाहेरून मिळालं नाही तर सांधे दुखतात, हिरड्या सुजतात, ते एका कोपऱ्यात बसून राहतं. म्हणून त्याला रोज ढोबळी मिरचीची एक फोड द्या. हा खाऊ नाही, गरज आहे. पेरू किंवा आवळ्याचा छोटा तुकडाही चालतो आणि हे तिन्ही आपल्या मंडईत मिळतं. पाण्यात थेंब टाकायच्या औषधावर विसंबू नका, उजेडात आणि पाण्यात ते लवकर निकामी होतं. पॅलेटमधलं (दाबून केलेल्या तयार खाद्याच्या कांड्यांमधलं) क जीवनसत्त्वही महिन्यागणिक घटत जातं. आम्ही गिनी पिगचे पॅलेट छोट्या पिशव्यांतच विकतो ते यासाठी. “पाच किलोची गोणी स्वस्त पडेल” हे खरं आहे, पण शेवटचे दोन किलो नुसतं पोट भरतील.

मोजक्या ग्राहकांकडे चिंचिला (दाट केसांचे, उंदराच्या जातकुळीतले छोटे प्राणी) आहेत. त्यांना ओलं फळ, मनुका, सुकामेवा काहीच नको. वाळवलेल्या जास्वंदीची एखादी पाकळी बस्स. बाकी त्यांची खरी अडचण आपला उन्हाळा आहे, खाऊ नव्हे.

गवतावर परत आणायचं कसं

इथे एक धोक्याची सूचना. “उपाशी ठेवला की झक मारत खाईल” हा उपाय सशावर करू नका. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर आतडं थांबू शकतं आणि मग थेट डॉक्टरकडे पळावं लागतं.

बिस्किट आणि पोळी आजच बंद करा. फळ आणि गाजर आठवडाभरात कमी करत आणा. पॅलेट दोन आठवड्यांत हळूहळू सशाच्या वजनाच्या किलोमागे रोज 25 ग्रॅमपर्यंत उतरवा. गवत सकाळ-संध्याकाळ ताजं टाका, आधी झटकून धूळ काढा. ससा शी करताना चरतो, त्यामुळे गवताची जागा त्याच्या शीच्या ट्रेच्या शेजारीच असू द्या. सुरुवातीला गवतात वाळलेला पुदिना मिसळला तर तो वासानं तोंड घालतो. घरात एक डबा ठरवा: दिवसाचा खाऊ सकाळी त्यात काढून ठेवायचा, ज्याला लाड करायचे त्यानं त्यातूनच द्यायचं. डबा रिकामा म्हणजे त्या दिवसाचे लाड संपले, मग पाहुणे आले तरी.

खाऊ थांबवूनही गवत तोंडात घेऊन टाकून देतोय, हनुवटी ओली राहतेय, असं दिसलं तर आमच्याकडे येऊ नका. सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडून दाढा तपासून घ्या. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच पाजू नका. त्यातली काही सशाला आणि गिनी पिगला मारक ठरतात.

आमच्याबद्दल थोडं

रंगीत बियांचं मिक्स आणि दह्याच्या गोळ्या आम्ही ठेवत नाही. गल्ल्याच्या दृष्टीनं हा शहाणपणा नाही, हे आम्हालाही कळतं. लसूणघास (अल्फाल्फा, लसूण नव्हे) ठेवतो, पण ती देताना वय विचारतो. तिच्यात कॅल्शियम जास्त असतं, वाढत्या पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला रोज दिली तर लघवी पांढरी, गढूळ व्हायला लागते.

गवताचा रंग दर खेपेला बदलतो. हिरवं ते चांगलं आणि पिवळं ते जुनं असं नसतं. वास कुबट असेल किंवा काळी-पांढरी बुरशी दिसली तर पिशवी उघडलेली असली तरी बदलून देऊ. “खात नाही” म्हणून उघडलेली पिशवी मात्र परत घेत नाही. तुमच्या घरून आलेलं गवत दुसऱ्याच्या सशाला आम्ही विकणार कसं? पावसाळ्यात गवत प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, सुती पिशवीत, जमिनीपासून वर ठेवा.

कोणतं गवत आवडेल याची खात्री नसेल तर आधी टिमोथी, ओट आणि वाळवलेली हरळी यांच्या नमुन्याच्या पुड्या न्या. तिन्ही मिळून चार-पाच दिवस पुरतात. जास्वंद, पुदिना आणि गाजराचा वाळवलेला पाला यांची खाऊची पुडीही आहे, ती आम्हीच वाळवतो.

फोन करण्याआधी सशाचं वय, वजन आणि काल घरातल्या प्रत्येकानं काय दिलं ते विचारून ठेवा. लेंड्यांचा फोटो पाठवला तर उत्तम, संकोच करू नका. आम्ही जेवतानाही बघतो.